बंड्याची जांभई

रविवार, १२ जानेवारी १९९७
कोपरखैरणे

आज बंड्याला चप्पल फेकून मारली. पेपर फाडला म्हणून ओरडत होतो, तर या कुत्र्यानं चक्क जांभई दिली. आयुष्यभर शाळेत जांभई देणाऱ्या पोरांना बाकावर उभं केलं मी. घरच्या कुत्र्याचा माज खपवून घेणार? शिवाय तोंडही फिरवलं त्यानं, म्हणून दुसरीही मारली.

दारात बोनकोडे गावची मासळीवाली पाटी उतरवत होती. तिच्या अंगणात कायम चार-पाच कुत्री. म्हणाली, "मास्तर, नका मारू. भ्यालाय तो. भ्याला का कुत्रा जांभया देतो, तोंड फिरवतो. त्याला भांडन नको हाय."

"मावशी, आता तुम्ही मला शिकवणार?" असं म्हणून हसलो वर. लाज वाटते लिहिताना.

दुपारी बायको म्हणाली, जिन्यात तुमची पावलं वाजली की तो जांभया देतो. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. दोन वर्षं!

संध्याकाळी खाडीवर न्यावं म्हणून पट्टा उचलला, अगदी हळू हाक मारली. तो आला. शेपूट पायांत घालून, भिंतीला घासत आला, समोर बसला आणि त्यानं जांभई दिली.