पोटरीला हात लावायचा नव्हता

नाना, आज पंचवटीत भाजी घ्यायला गेले होते, तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुमच्या जागेवर आता एक बाई मेथी घेऊन बसते. तुम्ही मात्र कधी बसला नाहीत. गिऱ्हाईक आलं की उठायचंच, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, असं तुमचं म्हणणं. पहाटेपासून उभे राहून संध्याकाळी घरी यायचात, हातपाय धुऊन भिंतीला टेकायचात आणि पाय थेट माझ्या मांडीवर. दादाला नेमकी तेव्हाच गणितं आठवायची. मी खोबरेल लावून पोटऱ्या चेपतेय, आई स्वयंपाकघरातून ओरडतेय, "पोरीला जेवू तरी द्या," आणि तुम्ही डोळे मिटून म्हणताय, "हात हायेत का कोथिंबिरीच्या काड्या? जोर लाव की." मी चिडून अंगठा रुतवला की मग कुठे तुमचं समाधान व्हायचं. लग्न झाल्यावर माहेरी आले तरी हेच, जावई समोर बसलेला असला तरी. मी कुरकुर करायचे, पण मला ते फार आवडायचं. दुसऱ्या कोणाच्या हातात तुम्ही कधी पाय दिले नाहीत.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तुम्हाला गंगापूर रोडच्या दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन कमी लागायला लागला होता, आता घरी न्यायचं असं आम्ही बोलत होतो, तोवर तुमचा डावा पाय सुजला. डॉक्टरांनी मला दारातच थांबवलं. या आजारात रक्त घट्ट होतं, त्यात माणूस पडून, म्हणून पोटरीच्या शिरेत गुठळी झालीय, म्हणाले. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालूच होती. पण पाय चोळायचा नाही, दाबायचा नाही. गुठळी सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकेल. मी किट घालून आत आले आणि तुम्ही चादर सारून म्हणालात, "पाय लय दुखतोय गं. चेप जरा."

"डॉक्टर नको म्हणालेत, नाना. आत रक्ताची गुठळी आहे."

"मग चोळली का मोडंल ती." मी जागची हलले नाही. तुम्ही माझ्या हातमोज्यांकडे बघत राहिलात. "किळस येती म्हण की. राहू दे." आणि भिंतीकडे तोंड फिरवलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा श्वास अचानक अडकला. हात न लावताही गुठळी वर गेलीच होती.

सगळे म्हणतात, तू बरोबर केलंस. ते मला कळतं, त्याची टोचणी नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या तिथीला सगळ्यांबरोबर मीही डोळे पुसते, पण आतून मी धुमसत असते. इतकी वर्षं तुमचे पाय या हातांनी चेपले, आणि शेवटी तुम्हाला माझ्याबद्दल हेच वाटलं? आत्ता समोर असता ना, तर आधी कडाकडा भांडले असते. मग तेल गरम करून आणलं असतं.