धुऊन इस्त्री केलेला सदरा

प्रिय धाकट्या,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे. तुझं पित्त उसळलं नसेल आणि माझ्या भावजयीचा गुडघा तिला जिना चढू देत असेल, असं धरून चालते. तसं नसलं तरी आज मला विचारपूस करायला सवड नाही, कारण मी रागात आहे. हा राग तुझ्यावर किती आणि जगावर किती याची वाटणी अजून व्हायची आहे, पण तू सख्खा भाऊ, म्हणून पहिला वाटा तुझा.

तुझं पत्र पोचलं. तणनाशक माणसांच्या अंगात किती उतरतं ते मोजणाऱ्या मंडळींनी 'सर्वसामान्य जनता' म्हणून तुझी निवड केली, यावर तू दोन पानं फुशारकी मारली आहेस. प्रयोगशाळेत खुर्ची दिली, चहा दिला, नावाची चिठ्ठी लावलेली बाटली दिली. सोमवारी सकाळची लघवी त्यात भरून आणायची, मग ज्याचा त्याचा आकडा बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या घरी येणार. वा रे जनता! जन्मात तू कुंडीतलं गवत उपटलं नाहीस. तुझ्या अंगात काही सापडलंच, तर ते मी पाठवलेल्या मक्याच्या कणसांतून आलेलं असेल. (कणसं मिळाली की नाही, हे मात्र दोन पानांत कुठे लिहायला जमलं नाही.) तीच मंडळी आमच्याकडेही आली होती, आणि त्यांनी इथे काय दिवे लावले ते ऐक.

त्यांची विभागणी अशी की फवारणारे एका गटात, त्यांच्या घरची माणसं दुसऱ्यात, आणि ज्यांचा शेतीशी काडीचा संबंध नाही ते, म्हणजे तू, तिसऱ्यात. म्होरक्या एक बाई. त्यांनी नाव सांगितलं होतं, पण आमच्याकडे सगळे त्यांना मोजणीबाईच म्हणतात. बरोबर एक पेटीवाला, जो आपली बर्फाची पेटी जावयासारखी सावली शोधून बसवायचा. आमचा मुलगा पाठीवर पंप घेऊन लोकांची शेतं फवारतो, तेव्हा तो पहिल्या गटात आपसूकच गेला. त्याला त्यांनी एक पांढराशुभ्र सुती सदरा आणि पायजमा दिला. रोजच्या कपड्यांच्या आतून घालायचा, दिवसभर फवारायचं, संध्याकाळी काढून पिशवीत ठेवायचा. मग ते त्या कापडाचे तुकडे करून कुठे किती औषध मुरलं ते बघणार. (तण मारायच्या विषाला आम्ही औषधच म्हणतो. विष म्हटलं तर पैसे देताना हात कचरतो.) हे सगळं त्यांनी मुलाला नीट समजावून सांगितलं. मुलाने घरी येऊन एवढंच सांगितलं की कपडे त्यांचे आहेत, उद्या परत करायचेत, आणि तो जेवून आडवा झाला. अगदी बापावर गेलाय.

आता तूच बोल, आपल्या आईने आपल्याला काय शिकवलं? दुसऱ्याचं कापड मळकं परत द्यायचं नाही. सदऱ्याच्या पाठीवर पंप गळल्याचा हा एवढा पिवळट डाग. मीच सूनबाईला म्हटलं, परक्यांचे कपडे आहेत, आधी ते घे, आपली शोभा नको. सूनबाईला सहावा महिना चालू आहे. नवऱ्याचे फवारणीचे कपडे रोज तीच धुते, मागच्या अंगणात नळाखाली बसून, नुसत्या हातांनी. त्या दिवशीही तिने तो डाग मुठीत धरून निघेपर्यंत चोळला. सकाळी मी इस्त्री केली, घडी घातली, वर स्वच्छ कागद गुंडाळला. पेटीवाल्याने माझ्या टापटिपीचं कौतुक केलं आणि पुडकं पेटीत ठेवलं. साबणाचा घमघमाट सुटला होता, पण त्याला सर्दी.

दुसऱ्या गटासाठी आमच्या घरातून एक माणूस हवा होता. तिथे कुटुंबप्रमुख म्हणून आमच्या ह्यांची वर्णी लागली. ऊन लागतं म्हणून ज्यांनी अंगण पाहिलं नाही, ज्यांचा कपडा कधी स्वतःच्या हाताने ओला झाला नाही, ते हे! ह्यांच्या बाटलीत चहाशिवाय काय निघणार? पण बाटली दिल्यापासून ह्यांची चाल बदलली. शास्त्राला आपली गरज आहे म्हणाले आणि दुपारची झोप वाढवली.

पुढे शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावून मोजणीबाईंनी भिंतीवर आलेख दाखवला. एक फवारणारा असा निघाला की त्याच्या अंगाला औषध जवळजवळ लागलंच नव्हतं. फवारायची पद्धत किती चांगली असेल, असं म्हणून त्यांनी आमच्या चिरंजीवांना उभं केलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या औषधांच्या दुकानदाराच्या. आणि आमचा दिवटा मान खाली घालून असा लाजला, जशी काही वरात त्याचीच निघाली होती. तेव्हा मी उभी राहिले आणि सदरा आम्ही धुतला होता हे सांगून टाकलं. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि सभा उरकली.

मोजणीबाई हसल्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने म्हणते. त्या घरी आल्या. मी त्यांना मागच्या अंगणात नेलं, नळ दाखवला, सूनबाईचे हात दाखवले. बोटांची सालं निघालेली आहेत. त्यांनी बराच वेळ तिचा हात हातात धरला. म्हणाल्या, आलेख तर पुढे गेला, आता त्याच्याखाली बारीक अक्षरात एक टीप घालते. मी म्हटलं, टीप राहू द्या, हिला मोजा.

"गरोदर बाईला यात घेता येत नाही. तिला जपण्यासाठीच तसा नियम आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या हंगामात बघू."

"बाळ हंगाम बघून येत नाही, बाई."

जपण्याची ही कुठली तऱ्हा, धाकट्या? मोजायला गरोदर बाई चालत नाही आणि धुवायला चालते? हा नियम त्या औषधाला कुणी वाचून दाखवला आहे का? ते काही सहावा महिना बघून सदऱ्यातून मागे फिरत नाही. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं, तर ही तपासणी इथे होत नाही, पाणी भरपूर प्या, काळजी करू नका म्हणाले. काळजी करू नका म्हणायला काय जातं! पुढच्या हंगामात बघायला त्या येतील तेव्हा बाळ रांगत असेल, आणि रांगेल ते त्याच अंगणात.

आता कपडे मुलगा स्वतः धुतो, हातमोजे घालून. मी खुर्ची टाकून समोर बसते आणि तो उठू लागला की पुन्हा बसवते. पण आधी जे तिच्या अंगात गेलं ते गेलंच, आणि किती गेलं हे सांगायला कुणी तयार नाही. धाकट्या, मी रागावले आहे हे खरं, पण त्याहून जास्त मला भीती वाटते.

भावजयीला आशीर्वाद. जिना सावकाश चढ म्हणावं.

तुझी,
थोरली

ता. क. हे पत्र दूधगाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. सोबत थर्मास आहे. त्यात चहा नाही. कपात ओतू नकोस.

ता. क. दुसरा. आत बर्फात जी बाटली आहे ती सूनबाईची, आज सकाळची. उद्या सोमवार. ती तुझ्या नावाच्या बाटलीत ओतून तूच नेऊन दे. कल्पना तिचीच, झाकणही तिनेच घट्ट लावलं. जन्मभर रांग न मोडलेला माणूस तू, म्हणशील हे खोटं होईल. आमच्या घरून एक खोटं त्यांच्या मोजणीत टाळ्या घेऊन गेलंच आहे. आता एक खरं जाऊ दे.

ता. क. तिसरा. त्यांनी आणखी काही तपासून तुला दिवस गेल्याचं कळवलं, तर भावजयीला आधीच विश्वासात घेऊन ठेव.

ता. क. शेवटचा. आकडा बरा आला तर पाकीट टपालाने पाठव, मी घरभर मोठ्याने वाचून दाखवीन. बरा नसला तर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. सूनबाईला ते मलाच सांगावं लागेल, आणि तेव्हा माझ्या शेजारी माझ्या माहेरचं कुणीतरी हवं.