डागाभोवतीचा लाल दोरा

गुडगाव,
रविवार दुपार

प्रिय साधना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच कपाटावर टाकशील, अशी मला धास्ती आहे. नऊ वर्षांत मी तुला साधा एक फोन केला नाही. त्यामुळे टाकलंस तरी तुला बोलायला मला तोंड नाही. पण वाच. निदान रुचितासाठी वाच, कारण माझ्या संशयी डोक्याने गेले तीन महिने माझ्या लेकीला पार जेरीला आणलं आहे, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी तू आहेस हे मला आज सकाळी कळलं.

तुला ठाऊक असेलच, पण माझ्या बाजूने सांगते. रुचिता दिल्लीत, मुनिरक्यात तिसऱ्या मजल्यावर खोली घेऊन राहते. खोलीत मशीन नाही, म्हणून दर रविवारी हौज खासला मेट्रो बदलून आठवडाभराच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन गुडगावला येते. त्या कपड्यांवरून मी तिचा आठवडा वाचते. छोल्यांची तर्री, पराठ्याचं लोणी, लोणच्याचं तेल, सगळं ओढणीवर. पोरगी जेवते आहे एवढं समाधान असायचं. दिवाळीनंतर मात्र गाठोड्यातले कपडे एकाएकी स्वच्छ यायला लागले. मळलेले, घामट, पण डाग एकही नाही. जी मुलगी कपभर चहा सांडला तर त्यावर टिश्यू टाकून निघून जाते, ती तेलाचे डाग काढायला कधी शिकली? मी विचारलं, तर म्हणाली, "यूट्यूब पे देखा, मम्मा. पावडर टाकायची, मग भांड्यांचा साबण. बिल्कुल सिंपल आहे यार." आणि फोनमध्ये डोकं घातलं. डोळ्याला डोळा दिला नाही. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग डिसेंबरात तिच्या पांढऱ्या सलवारीच्या पायाशी काळपट सावली दिसली. ग्रीसच. बरंचसं निघालेलं, पण मला दिसणार नाही असं कसं होईल? वास घेतला तर खोबरेल तेलाचा. ग्रीसवर आधी खोबरेल चोळून ते सैल करायचं आणि मग साबण लावायचा, हे यूट्यूबला माहीत असेलही, पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. ग्रीस म्हणजे चेन, चेन म्हणजे मोटरसायकल, आणि मोटरसायकल म्हणजे तिच्यावर बसलेला कोणीतरी. आमच्या शशिकांतना सांगितलं तर ते हसत सुटले. म्हणाले, तुला व्हिजिलन्समध्ये नोकरी लागायला हवी होती. मी मात्र हसले नाही. तिचं मेट्रो कार्ड बघितलं, तर बुधवारी कुठेही प्रवास नाही आणि बुधवारीच तिचा फोन दोन-दोन तास बंद. एका बुधवारी न सांगता मुनिरक्याला जाऊन थडकले. खोलीला कुलूप. घरमालकीण जिन्यात मटार सोलत बसली होती. म्हणाली, "बिटिया तो हर बुध को जाती है जी, पैदल ही. डब्बा भरके लाती है, घर का खाना." घरचं जेवण! कोणाच्या घरचं? मुलाची आई इतक्यातच डबे भरून द्यायला लागली की काय? त्या रविवारी मी रुचिताला नको नको ते बोलले. ती रडली, पण नाव काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "मी प्रॉमिस केलंय." त्यावर मी आणखीच भडकले.

आणि आज सकाळी तिचा चिकनकारीचा कुर्ता उलटा करून भिजवायला घेतला, तर आतल्या बाजूला, पोटाशी, लाल दोऱ्याचे चार टाके राहिलेले दिसले. बारीक धावदोरा, गोलाकार वळण घेत अर्ध्यावर तुटलेला. मी बादलीशेजारीच पाटावर बसले.

कपडा भिजला की तेलाचा डाग कुठे होता ते दिसत नाही, आणि वाळल्यावर तो पुन्हा वर येतो. म्हणून भिजवायच्या आधी डागाभोवती लाल दोऱ्याचं कुंपण घालायचं, ही युक्ती जगात एकाच माणसाची आहे. पुण्याला माझे सगळे जुने फ्रॉक तुझ्या अंगावर यायचे, आणि माझ्या वेळचे डाग दाखवून आई तुला रागवायची. तू बिचारी खडूची पूड चोळत बसायचीस, काठाकडून मध्याकडे, आणि मी खिडकीत बसून पेरू खायचे. तेव्हाही कधी म्हणाली नाहीस की हा डाग ताईचा आहे.

म्हणजे तू गुवाहाटीहून परत आली आहेस. भालचंद्ररावांची बदली झाली असणार, आणि क्वार्टर मुनिरक्याच्या पलीकडे, आर. के. पुरममध्ये कुठेतरी असणार, कारण रुचिता पायी जाते. आणि ते ग्रीस भालचंद्ररावांच्या जुन्या सायकलचं. एवढा शोध लागल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पाचेक मिनिटं. मग नवा संशय सुरू झाला. तू रुचिताला आईच्या साडीचं सांगितलंस का? विचारलं तिला. म्हणाली, "मावशी तुझ्याबद्दल काहीच वाईट बोलत नाही मम्मा, मी विचारलं तरी." तेव्हा मला इतकी लाज वाटली साधना, की मी उठून गॅस बंद आहे का ते उगाच बघून आले.

आईची डाळिंबी नारायणपेठ. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे, मलमलच्या फडक्यात गुंडाळून. त्या वर्षी करोल बागेतल्या आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला मला ती नेसायची होती, म्हणून तुझी पाळी संपायच्या आधीच मी ती तुला घेऊन यायला लावली. हॉलच्या मागच्या खोलीत घडी उलगडली, तर पदरावर तळहाताएवढा तेलाचा डाग, आणि त्याच्याभोवती तुझा लाल दोरा. पंधरा बायका उभ्या होत्या. मी म्हणाले, चोर स्वतःच खूण ठेवून गेला बघा. म्हणाले, आईची एक साडी तुला सांभाळता आली नाही. तू पांढरीफटक पडलीस आणि एवढंच म्हणालीस, "ताई, घरी गेल्यावर बोलू." मी घरी येऊच दिलं नाही तुला. त्या रात्री रागाने त्या डागावर इस्त्रीसुद्धा फिरवली. तेलाच्या डागावर इस्त्री फिरवली की तो कायमचा बसतो, हे तूच मला शिकवलं होतंस.

आता जे सांगायचं ते सांगते. त्याच दिवाळीत शशिकांतनी अल्बम केला. त्यात आमच्या सोसायटीतल्या एका साखरपुड्याचा फोटो आहे, साडी तुझ्याकडे यायच्या आठवडाभर आधीचा. मी नारायणपेठ नेसून हातात बटाटेवड्यांचं ताट घेऊन हसते आहे, आणि पदरावर तो डाग आहे. तळहाताएवढा. तुला मिळाली ती डागासकट मिळाली, आणि तू मला न सांगता, मला ओशाळं वाटू नये म्हणून, तो काढायला बसली होतीस. साधना, मला हे नऊ वर्षं माहीत आहे. फोटो मी अल्बममधून काढून गव्हाच्या डब्याखाली ठेवला आणि तुझ्यावर रागावलेलीच राहिले, कारण तेच सोपं होतं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या तुझ्या बहिणीने स्वतःकडे तेवढं बघितलं नाही. आज मंडळाच्या कौशल्याताईंना फोन करून सांगितलं की तो डाग माझा होता. त्या म्हणाल्या, "कुठली साडी गं?" त्या पंधरा जणींपैकी कोणाला आठवतही नसेल बहुतेक, आणि त्यांच्यासमोर मान खाली जाऊ नये म्हणून मी तुला सोडलं.

पत्र रुचिताबरोबर पाठवते आहे. तिचं प्रॉमिस मोडलेलं नाही, तिने तुझं नाव घेतलं नाही. ते मीच ओळखलं, तिला रागवू नकोस. साडी मात्र पाठवत नाही. डाग आता निघायचा नाही हे मला माहीत आहे, पण तुझा लाल दोरा अजून तसाच आहे, तो मी उसवलेला नाही. बुधवारी ती साडी आणि तो फोटो घेऊन मी रुचिताच्या मागोमाग तुझ्या जिन्याने वर येणार आहे. तू म्हणाली होतीस ना, घरी गेल्यावर बोलू. मी घरी येते आहे.

तुझीच,
ताई