पन्नाशीच्या गाण्यातलं पाचवं कडवं

मंगळवार, १३ मे १९७५

प्रिय एल्ना आत्या,

आधी कबुली देतो, मग बाकीचं. नाहीतर नेहमीसारखा भलतीकडेच भरकटेन. शनिवारी बाबांची पन्नाशी. पाहुणे चाळीस, गाण्याचे छापलेले कागद चाळीस, गुलाबी. त्या गाण्यातलं पाचवं कडवं तुझं आहे. तुला न विचारता घातलंय. हे पत्र फाडायच्या आधी पुढचं वाच.

स्वीडनहून, तुझ्याकडून निघालो तो थेट घरी आलोच नाही. गोथेनबर्गच्या बंदरावर हेरिंग माशांची पिंपं उचलली, एका ट्रकवाल्याबरोबर उगाच उत्तरेला गेलो, बुटाचा तळ गेला तेव्हा घर आठवलं. दारातच आई म्हणाली, "आलास? शाळा अर्धी टाकलीस, सुतारकाम अर्धं टाकलंस, कविता तेवढ्या पुऱ्या करतोस. मग बाबांचं गाणं तूच लिही." आपल्याकडे डेन्मार्कात गाण्याशिवाय वाढदिवसाचं जेवण अंगी लागत नाही, तुला काय सांगायचं! नमुन्याला तिनं जुने कागद काढून दिले: बाबांच्या चाळिशीचा आणि लग्नाच्या पंचविशीचा. आयुष्यातल्या एकेका टप्प्याला एकेक कडवं. पण गंमत बघ, दोन्हीत बाबा चव्वेचाळीस साली सायकलदुरुस्ती शिकतात आणि पुढच्याच कडव्यात, अठ्ठेचाळीस साली, नवरदेव होऊन चर्चमध्ये उभे. मी विचारलं, "आई, मधली वर्षं कुठं सांडली?" "त्यांना यमक जुळत नाही," म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

तेव्हा तुझं स्वयंपाकघर आठवलं. भांडी घासताना तू काहीतरी गुणगुणायचीस, मला वाटायचं स्वीडिश भजन असेल. तिसऱ्या आठवड्यात कळलं, चाल आपलीच, आपल्या घरातल्या प्रत्येक वाढदिवसाची. तीस वर्षं तू डेन्मार्कात पाऊल टाकलं नाहीस, आणि भावाच्या गाण्यातलं कडवं मात्र रचून ठेवलंस! कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेलं ते मी उतरवून घेतलं. चोरलं म्हण.

चौकात गर्दी हसत होती, केस पडले पायांपाशी,
सायकल धरून उभा भाऊ, बघत राहिला आकाशी.
केस पुन्हा कमरेला आले, तीस वर्षं झाली पार,
मागे पाऊल वाजलं कुणाचं, मान अजून पडते गार.

मला वाटायचं, युद्धाच्या कवितेला तोफा लागतात, झेंडे लागतात. तुझ्या कवितेत नुसती एक मान आहे. तू एका जर्मन सैनिकावर प्रेम केलंस आणि युद्ध संपल्यावर गावानं तुझं डोकं भादरलं, एवढं कुजबुजीतून माझ्या कानावर आलेलं. पण कॅफेत तू भिंतीला पाठ लावूनच का बसतेस, केसांना कात्री का लावू देत नाहीस, ते या चार ओळींनी सांगितलं. लाज अशी तीस तीस वर्षं कातडीत मुक्काम करते, हे मला कुठल्या मास्तरानं शिकवलं नव्हतं. अर्थात मी वर्गात होतोच कधी!

कागद छापून आणले आणि मग पाहुण्यांची यादी वाचली. चाळीस पाहुणे, त्यातले निम्मे तरी त्या दिवशी चौकात असतील. पहिली चार कडवी ग्लास वाजवत गातील, पाचव्याला घास अडकेल. बाबा ताडकन उठून गेले तर? गठ्ठा आधी पलंगाखाली लपवला, मग बाबांच्या सायकलदुकानाच्या माळ्यावर, नव्या टायरांमागे. अक्कल बघ माझी. टायर कोण काढतं? बाबाच की!

काल दुपारी त्यांनी हाक मारली. हातात गुलाबी कागद, त्यावर ग्रीसचा काळा अंगठा उमटलेला. "हे तुझं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "नाही." "एल्नाचं आहे." तीस वर्षांत, निदान माझ्यादेखत, त्यांनी तुझं नाव पहिल्यांदा घेतलं. मला वाटलं आता बसतेय कानाखाली. पण ते बाकावर टेकले आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे खोटं आहे. मी आकाशाकडे बघत नव्हतो. सगळे हसत होते, म्हणून मीही हसलो. तिनं बघितलं मला. आमची नजर भेटली होती, केल्ड."

आत्या, आजवर मी समजत होतो, बाबांना तुझी लाज वाटते.

मग म्हणाले, "ओळ खरी करत असशील तर गाऊ दे सगळ्यांना, मीही गाईन. नाहीतर गठ्ठा शेगडीत घाल." पण दुसऱ्याच्या ओळीला हात लावणारा मी कोण? ते आकाश तू विसरून लिहिलंस की त्यांना झाकायला, तुझं तुलाच ठाऊक. म्हणून हे पत्र. शुक्रवारी दुपारपर्यंत दुकानाच्या फोनवर एवढंच कळव: आकाश ठेवू, हसू लिहू, की सगळं जाळू? तू सांगशील ते. फक्त एक, फोन मी उचलणार नाही. बाबांनी बजावलंय, तो तेच उचलणार आहेत.

जीव टांगणीला लागलेला,
तुझाच
केल्ड