पंपाचा पाईप बसला

साळू,

कुलूप बघून माघारी फिरू नगंस. चावी शेजारी दिलशादभाभीकडं हाय. तुलाच आणाय तुझ्या म्हायेरी औंधला निघालोय. वाटंत चुकामूक झाली तर म्हणून चिठ्ठी दारात खोचलीय.

"संडासाची टाकी उपसल्याबिगर या घरात पाय ठेवणार न्हाई," म्हणून गेलीस. टाकी उपसली. पंपाचा पाईप तिच्या तोंडाला बसंना, म्हणून सगळी सांगली पालथी घातली. शेवटी मिरजंत चांदसाहेबानं लेथवर पितळी जोड करून दिला. आता वास न्हाई.

एकट्याला करमत न्हाई. चार शबूद बोलाय भाभीकडं उगंच विरजण मागाय जातो.

टाकीपायीच गेली व्हतीस न्हवं? दुसरं काय आसंल, तर मी येईस्तवर थांब. ऐकून घीन.

जोतीराम