सातव्या गुणसूत्रावरचा मुकादम

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात वाकता येत नाही, कागदावर पुरता वाकलो आहे असे समज). तुझी कंबर, भावजींचा रक्तदाब आणि तुझ्या नातवाचा कान, तिघांचीही खुशाली कळव. कान या वर्षात किती वेळा फुटला ते मुद्दाम कळव. सहज विचारतो आहे. आम्ही इकडे सर्व मजेत आहोत आणि काळजीचे काहीही कारण नाही. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले आहे, तेव्हा ते पक्के समजावे. फोन न करता पत्र का, तर फोनवर तू मला चौथ्या वाक्याला तोडतेस, आणि हा विषय तेवढ्यात आटोपणारा नाही.

लेकीला लागोपाठ तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला हे तुला माहीत आहे. शेवटी जावई तिला रक्ताच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. (मीही गेलो. मला कोणी बोलावले नव्हते, पण यंत्र उघडताना त्याची माहिती असलेला माणूस जवळ लागतो.) तिथे असे निघाले की रोगाशी लढणाऱ्या पेशींपैकी एक जात, ज्यांना बी-पेशी म्हणतात, ती तिच्या रक्तात अगदीच थोडी आहे. मग जनुकांची तपासणी झाली आणि बाईंनी एका जनुकाचे नाव घेतले, आयकेझेडएफ-वन. मला वाटले त्या बेअरिंगचा नंबर सांगताहेत, आणि सवयीने मी विचारले की हे बाजारात सहज मिळते का. मिळत नाही. ते सातव्या गुणसूत्रावर असते, त्याला इकारोस असेही म्हणतात, आणि त्याचे काम पेशींची घडण नियंत्रित करण्याचे आहे.

नियंत्रण म्हटल्यावर मी पुढे सरकलो, कारण विजेच्या मोटारी आणि पंखे हा माझा आयुष्यभराचा अभ्यास. (कॉलेजचे तोंड न पाहता केलेला अभ्यास, हे तुला सांगायला नको, पण बाईंना सांगितले.) त्यांच्याच टेबलावरच्या कागदावर मी रेग्युलेटरची आकृती काढली आणि विचारले की बटण जरा पुढे फिरवले तर पेशी वाढणार नाहीत का. बाईंनी आकृती शांतपणे पाहिली, सुबक आहे म्हणाल्या, आणि चूक आहे असेही म्हणाल्या. हे जनुक वेग कमीजास्त करत नाही. हाडांच्या आतल्या मगजात कोऱ्या, नवशिक्या पेशी तयार होत असतात. त्यातल्या कोणी पुढे काय व्हायचे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. म्हणजे रेग्युलेटर नव्हे, मुकादम. तू तांब्याची तार गुंडाळायला, म्हणजे वाइंडिंगला बस, तू फिटिंग शीक, असे सांगणारा. प्रत्येक माणसात या मुकादमाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. लेकीच्या दोहोंपैकी एक बिघडलेली आहे. एकटा मुकादम दोन पाळ्या रेटतो आहे, म्हणून बरेच नवशिके काहीच न शिकता तसेच राहतात. (हे मुकादमाचे रूपक माझे. बाई म्हणाल्या, चालेल. उत्साहाने म्हणाल्या नाहीत.)

आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुकानातून गेलेली मोटार परत आली तर आधी तिचा दोष कोणाचा हे शोधल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. वाइंडिंग जळले असेल तर माझा, बेअरिंग अडकले असेल तर विकणाऱ्याचा, आणि विजेचा दाब कमीजास्त झाला असेल तर गिऱ्हाइकाच्या नशिबाचा. त्याच शिस्तीने मी घरी आल्या आल्या चौकशी सुरू केली, आणि सुरुवात जावयाच्या घराण्यापासून केली. त्यांच्या आजोबांना दम्याचा त्रास होता, एका काकांना खरूज झाली होती, हे सगळे मी विहीणबाईंकडून गोड बोलून काढून घेतले आणि एक संध्याकाळ गाठून लेकीपुढे मांडले. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘बाबा, त्यांचं माझं नातं लग्नाचं आहे. नवऱ्याच्या काकांची खरूज मला कशी लागेल?’ जावई समोरच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र जरा उंच धरले. (माझा युक्तिवाद इतका नीटस होता की ही एक गोष्ट त्यातून निसटली. ताई, घाईत मोठमोठ्यांच्या हातून अशा गोष्टी निसटतात.)

मग उरले लेकीचे आजोळ, म्हणजे हिचे माहेर. हिचा धाकटा भाऊ, ज्याला आपण शिंक्या म्हणतो, त्याला मी घरी बोलावून खिडकीजवळ उजेडात बसवले आणि लहानपणापासूनचे आजार क्रमाने सांगायला लावले. तो बिचारा कांजिण्यांपर्यंत पोहोचला तेवढ्यात ही आतून आली आणि म्हणाली की रक्त मी देऊन आले आहे, आता त्याला सोडा. तिचा निकाल गेल्या आठवड्यात आला. तिच्या दोन्ही प्रती स्वच्छ. रात्री तिने पांघरूण माझ्या अंगावर नीट ओढले, आणि एवढेच म्हणाली, ‘तुमचंच असेल तर असू दे. नाकही तुमचंच आहे तिचं.’

म्हणजे आता उरलो मी. (किंवा बदल कोणाकडूनच आला नसेल, तिच्यातच नव्याने झाला असेल. असेही होते, बाईंनी सांगितले. माझी सगळी भिस्त आता या कंसावर आहे.)

रक्त देण्याची हकिगत थोडक्यात सांगतो. पहिल्या खेपेला मला सर्दी होती म्हणून दारातूनच परत आलो. सर्दी असताना रक्त घेऊ नये असे कोणी म्हटले नव्हते, पण मला तसे वाटले. दुसऱ्या खेपेला रक्त घेणाऱ्या मुलीशी सुईच्या जाडीवर चर्चा झाली. सुईचे आणि तांब्याच्या तारेचे गेज एकाच रीतीने चालते, आकडा वाढला की जाडी कमी. मी सव्वीसचा आग्रह धरला, ती एकवीसवर अडून बसली, आणि मी तारेच्या गेजांचा इतिहास सांगत असताना तिने दंडाला रबर बांधले. पुढचे मला नीट आठवत नाही. जाग आली तेव्हा मी बाकावर आडवा होतो, पाय खुर्चीवर होते, आणि ती मुलगी कोणाला तरी सांगत होती की हे काका फार माहितीचे आहेत. तिसऱ्या खेपेला लेक स्वतः बरोबर आली. अजून तिला जिना चढताना मध्ये थांबावे लागते. मी विचारले की एवढी धावपळ कशाला, तुझे औषध तर सुरू आहेच. तेव्हा ती दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून म्हणाली, ‘कोणाकडून आलं ते मला नकोच आहे बाबा. तुमच्यातही हाच बदल निघाला आणि तुमच्याही पेशी कमी निघाल्या, तर दोष हाच हे पक्कं होईल. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. मला आता दमायला झालंय.’

तुझ्या लक्षात आले का, ताई? तिला जो निकाल हवा आहे, तोच मला नको आहे. मी दिवसभर दुकानात बसून मनातल्या मनात नाही म्हणतो, आणि मग आपण नेमके कशाला नाही म्हणतो आहोत ते आठवले की हातातली तार तुटते. परवा एका पंपाचे वाइंडिंग उलट्या दिशेने भरले. चालू केल्यावर तो उलटा फिरला. गिऱ्हाईक हसले, मी हसलो नाही. शिवाय बाई म्हणतात की दोष अंगात असूनही माणूस वरवर धडधाकट असू शकतो, म्हणजे माझ्या ठणठणीतपणालाही काही किंमत उरली नाही. एरवी मी ठीक आहे. झोप येते. जेवतो.

भावजींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद. त्याचा कान पुन्हा फुटला तर नुसते तेल घालत बसू नका.

तुझा धाकटा

ता. क. माझा निकाल फोनवर कळवणार आहेत. अर्जावर फोन नंबरच्या जागी मी तुझा नंबर लिहिला आहे. अनोळखी नंबर आला तर नेहमीसारखा कापू नकोस. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तेवढेच.

आणखी ता. क. मला सांगताना सरळ सांगू नकोस. बदल माझ्याकडून आला नसेल तर एवढ्यासाठी मला त्रास दिलास म्हणून ओरड. आला असेल तर नुसते विचार, जेवलास का. मी समजेन.

तिसरा ता. क. पाकिटावर पत्ता लेकीकडून लिहून घेतो आहे, तिचे अक्षर चांगले. तिने आतले वाचू नये असे बजावले आहे.

आत्या, मी वाचलं. तुझा नंबर मी प्रयोगशाळेतच खोडून माझा लिहिला होता, बाबा तेव्हा बाकावर बसून पाणी पीत होते. डॉक्टरांचा फोन आज सकाळी आला. बदल बाबांकडूनच आहे, आणि त्यांच्याही पेशी कमी आहेत. ते ज्याला इतकी वर्षं वाइंडिंगला लावायच्या वार्निशचा खोकला म्हणतात तो वार्निशचा नाही. माझं निदान पक्कं झालं, आता पुन्हा शोधाशोध नाही. फोन ठेवला आणि मला खूप दिवसांनी भूक लागली, पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तूही रक्त द्यायला ये, तुझ्या नातवाला, पिंट्यालाही आण, डॉक्टर दोघांनाही तपासू म्हणाल्या आहेत. पण त्याआधी बाबांसाठी ये. मी सांगितलं तर ते माझ्यासमोर रडतील आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागेल. तू सांगितलंस तर ते तुझ्याशी भांडतील. भांडलेले मला चालतील.