दुखण्याची वही

११ मार्च

वकीलबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "आजी, रोज लिहा. कुठे दुखतं, किती दुखतं, काय जमत नाही. भरपाई मागताना उपयोगी पडतं." मी म्हटलं, अहो, मी चौथीपर्यंतची. वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही. "मग यादीसारखंच लिहा," म्हणाल्या. चांगली पोर आहे. जिना चढून आली, पाणीसुद्धा आधी मला दिलं, मग स्वतः प्याली.

तर दुखणं. सायकलवरून पडले त्याला आज सहा दिवस. पडले कसली — पाडलं मला! रस्त्याकडेला गाडी उभी होती, तिचं दार फाडकन उघडलं. मी दारावर, सायकल माझ्यावर. गळ्याखालचं हाड मोडलं, डाव्या बाजूचं. हात झोळीत. उजवा शाबूत आहे म्हणून तर हे खरडतेय. आणि डोकं शाबूत आहे ते हेल्मेटमुळे. सुनेने दमदाटी करून घालायला लावलं होतं. मी रोज कुरकुरायचे, डोक्यावर पातेलं कशाला म्हणून. त्या पातेल्याचे दोन तुकडे झाले! माझ्या टाळक्याचे झाले असते. सुनेच्या तोंडात साखर पडो.

१२ मार्च

नातीने वेणी घातली. सात वर्षांची आहे. दोन सांगितल्या तर तीन घातल्या. "एक जास्तीची आजी, एखादी सुटली तर." तशीच बसले दिवसभर. दूधवाला हसला. हसेना का! आई गेल्यापासून माझे केस कुणी विंचरले नव्हते.

१५ मार्च

दारवाला आला होता. पिशवीभर संत्री घेऊन, चोरासारखा उंबऱ्यात उभा. विचारलं काय करता, तर चष्म्याचं दुकान आहे म्हणे! मी म्हटलं, वा रे वा, जगाला नजर विकता आणि स्वतः मागे वळून बघत नाही? बिचारा पांढराफटक पडला. सून म्हणाली, "अहो आई, पुरे." पण माणूस सरळ आहे. चूक माझीच असं विमा कंपनीला लिहून देऊन आलाय. आता म्हणे दार जवळच्या हाताने उघडतच नाही, लांबच्या हाताने उघडतो, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. आमच्या कपाटाच्या दारावर करून दाखवलं. मग नातीने करून बघितलं, मग सुनेने. कपाटाची बिजागरी ढिली झाली.

संत्री सुनेने सोलून दिली. एकेक फोड हातावर. राणीसारखी खाल्ली.

१९ मार्च

दुकानातून मालकीणबाई आल्या. (इस्त्रीचं दुकान. इस्त्री झालेले कपडे हँगरला लावून उंच दांडीवर चढवायचे, नंबराप्रमाणे — हे माझं काम, अकरा वर्षं.) म्हणाल्या, "तुमची जागा धरून ठेवलीय. पावसाळ्यापर्यंत कुणाला घेत नाही." त्या पडल्या बुटक्या. स्टुलावर चढून कपडे लावतात आणि अर्धे खाली पाडतात. परवा एका साहेबांची पँट दुसऱ्याच साहेबांना गेली, आणि तो ती घालून ऑफिसला गेलासुद्धा! हसून हसून झोळी हलली. बाई, हसवू नका म्हटलं.

कोण एवढं थांबतं हो माणसासाठी?

२४ मार्च

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड सरकलंय. आपणहून जुळायचं नाही, ऑपरेशन करून आत पट्टी बसवायला हवी. नाहीतर हात खांद्याच्या वर जायचा नाही. म्हणजे दांडी गेली. सायकलही गेली.

विमा कंपनीचं उलटं. त्यांचे डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे, जुळेल, ऑपरेशनचे पैसे मिळणार नाहीत. आमच्या खिशातून होण्यासारखं ते नाहीच. मुलगा दवाखान्याच्या जिन्यातच खाली बसला. म्हणाला, "आई, सायकल मीच घेऊन दिली ना तुला." मी म्हटलं, अरे वेड्या, दार काय तू उघडलंस? हसला नाही.

घरी येताना माझी पिशवी, छत्री, चप्पल, सगळं त्यानेच उचललं. चप्पल का, ते त्यालाच माहीत. अनवाणी चालले मी. ऊन होतं म्हणून पाय शेकले, तेही बरंच.

२ एप्रिल

सायकलवाला चौकशीला आला. सायकलला अजून हात लावलेला नाही त्याने. वकीलबाईंनी बजावलंय, फोटो निघेपर्यंत वाकडी ती वाकडीच राहू द्या. त्याला चैन पडत नाही. वाकडं चाक दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. शेवटी नातीच्या सायकलची साखळी काढून घासत बसला.

मला शिकवलं त्याने. "आजी, उभ्या गाडीपासून नेहमी एक दार लांब. मागून कुणी भोंगा वाजवला तरी कडेला घुसायचं नाही. वाजवू दे, दमेल." गाडीत डोकं दिसलं की ब्रेकवर बोटं. मागे लाल दिवा दिवसासुद्धा. मी साठाव्या वर्षी सायकल शिकले, शाळेच्या मैदानावर. तेव्हा मुलं ओरडायची, आजी आली, पळा! तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. एक दार लांब. भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

जाताना लोणच्याची बरणी उघडून दिली. सकाळपासून अडली होती.

९ एप्रिल

शेजारीणबाईंनी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालून आणून दिले. न सांगता.

२० एप्रिल

परवा कंपनीच्या ऑफिसात बोलणं आहे. वकीलबाई वही बघायला आल्या. वाचत गेल्या तशा भुवया वर वर. "आजी, ही दुखण्याची वही ना? दुखणं कुठाय यात? नुसते आभार! संत्री काय, वेण्या काय! कंपनीवाले म्हणतील, बाई माहेरपणाला आल्यासारखी मजेत आहे!"

मुलाने वही घेतली, सगळी वाचली. म्हणाला, "आई, एक दिवस तरी लिहायचं होतंस गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून म्हणाली, आता लिहू या, मागच्या तारखा घालून, शाई एकच आहे. वकीलबाई ताडकन म्हणाल्या, "एक अक्षर वाढवायचं नाही. आहे तीच नेऊ." वही पिशवीत घालायला निघाल्या होत्या, मी म्हटलं, थांबा, आजचं लिहिते. म्हणून हे.

सगळ्यांची मेहनत माझ्या बडबडीपायी वाया जाणार.

२२ एप्रिल

सांगते! वही आज रात्रीपुरती मागून घेतलीय.

ऑफिसात पंखा गार, साहेब त्याहून गार. वही चाळली आणि म्हणाले, "आजी तर मजेत दिसतात." मुलाने मान खाली घातली. मी तर झोळीतच शिरले.

वकीलबाई उभ्या राहिल्या. "साहेब, मी वाचते. बारा मार्च, नातीने वेणी घातली. का घातली? आजींना हात मागे नेता येत नाही. पंधरा मार्च, सुनेने संत्रं सोललं. दोन एप्रिल, सायकलवाल्याने बरणी उघडली. नऊ एप्रिल, शेजारणीने दोरीवरचे कपडे काढले." पान उलटायच्या आणि वाचायच्या. "प्रत्येक आभारामागे एक न जमलेलं काम आहे, साहेब. सात आठवडे होत आले. या बाईंना स्वतःची वेणी घालता येत नाही, आणि तुमचे डॉक्टर म्हणतात किरकोळ?"

साहेबांनी वही परत आपल्याकडे ओढली. या वेळी सावकाश वाचली. तीन वेण्यांपाशी हसले थोडे. मग म्हणाले, तिसऱ्या डॉक्टरांना दाखवू, ते सांगतील ते आम्हाला मान्य.

बाहेर आल्यावर मी त्या पोरीचा हात सोडेना. एकच हात आहे धरायला, तो दिला.

८ मे

तिसरे डॉक्टर आमच्या डॉक्टरांसारखंच म्हणाले. कंपनीचं पत्र आलं. ऑपरेशन, बुडालेला पगार, नवं हेल्मेट, सगळं मंजूर! मुलाने पत्र दोनदा वाचलं, मग नातीला वाचायला लावलं. सोमवारी ऑपरेशन. वकीलबाईंनी वही परत केली. म्हणाल्या, हिचं काम झालं, आता कुणाला दाखवायची नाही.

२६ जून

आज जाग आली आणि खांद्यात काहीच नव्हतं. काहीच नाही! किती वेळ तशीच पडून राहिले.

आता लिहिते. दुखत होतं. पहिल्या दिवसापासून, रोज. कूस बदलताना तोंडात पदर कोंबायचे. पण ही वही एक दिवस मुलगा वाचणार, हे मला ठाऊक होतं. सायकल त्याने फार हौसेने घेऊन दिली होती.